सात पाव म्हणजे किती?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय अपूर्णांक. एवढं वाचूनच निम्मे वाचक पळून जातील याची मला कल्पना आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी लिहिते. त्यात आमच्या नातलगांचा भरणा जास्त असणार, कारण रविवारी फोनवर मी "वाचलंस का?" असं विचारते हे त्यांना अनुभवानं माहीत झालं आहे!

ब्लॉगवर नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी गणिताची पदवीधर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली साधी शिक्षिका. शाळेत गणिताची जागा रिकामी होती म्हणून पाचवी ते सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्त होईपर्यंत ते काही उतरलं नाही. पुढे पुढे मीच उतरू दिलं नाही. भाषेच्या माणसाला गणित शिकवावं लागलं की तो आधी शब्दांकडे बघतो, तशी मीही बघत राहिले. आजचं लिखाण त्यातलंच आहे.

तर मुद्दा असा. आमच्या शेजारची मुलगी यंदा सहावीत आहे. तिच्या चाचणीत एक प्रश्न होता, 'खालील अपूर्णांकांचे प्रकार ओळखा'. समोर दहा अपूर्णांक. वरचा आकडा मोठा की लिही 'अंशाधिक', खालचा मोठा की 'छेदाधिक', डावीकडे सुटा आकडा दिसला की 'पूर्णांकयुक्त'. दोन मिनिटांत दहाच्या दहा बरोबर. मग मी तिला सहज विचारलं, "यातला ७/४ हा एकापेक्षा मोठा की लहान?" ती गप्प. "दोनापेक्षा?" तरी गप्प. मग म्हणाली, "आजी, ते नाही विचारत परीक्षेत."

तिचं काही चुकलं नाही. तिला जे शिकवलं ते तिला येतं. माझी तक्रार आहे ती अपूर्णांक ओळखण्याचा आपण जो अर्थ करून ठेवला आहे त्याबद्दल. एखाद्याचं आडनाव पाठ असणं आणि त्या माणसाला ओळखणं यात फरक आहे की नाही? प्रकारांची नावं शिकवूच नयेत असं मी म्हणत नाही. पण ती शेवटी शिकवावीत. आधी संख्येची ओळख व्हावी, मग तिच्या नावाची. आपण नेमकं उलट करतो.

खरं म्हणजे आपली मराठी नावं फार शहाणी आहेत. ज्यात अंश अधिक तो अंशाधिक, ज्यात छेद अधिक तो छेदाधिक. शब्दातच व्याख्या आहे. इंग्रजीत मात्र एकाला 'प्रॉपर' आणि दुसऱ्याला 'इम्प्रॉपर' म्हणतात. सेमी-इंग्रजीतला एक मुलगा मला म्हणाला होता, "बाई, इम्प्रॉपर म्हणजे चुकलेला. उत्तर इम्प्रॉपर आलं की ते दुरुस्त करून लिहायचं असतं." बिचाऱ्या ७/४ नं कुणाचं काय वाकडं केलं होतं? गुणाकार-भागाकार करायचा तर हाच 'चुकलेला' कामाला येतो. दीड गुणिले अडीच करून बघा. पूर्णांकयुक्त ठेवून मुलं एक गुणिले दोन आणि अर्धा गुणिले अर्धा असं करतात आणि सव्वादोन उत्तर काढतात. ते चूक, कारण दीडची नुसती दुप्पटच तीन होते. तेच ३/२ गुणिले ५/२ असं लिहा, १५/४ मिळतात, म्हणजे पावणेचार. उलट दुकानदाराला "१५/४ किलो साखर द्या" म्हटलं तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. तिथे पावणेचारच हवेत. म्हणजे हे प्रकार संख्यांच्या जाती नव्हेत, संख्येचे कपडे आहेत. घरातले वेगळे, कामावरचे वेगळे, आतला माणूस तोच. मुलांना हे कळलं की निम्मं काम झालं.

आता गाडी अडते कुठे ते सांगते. आपण अपूर्णांक शिकवायला भाकरी घेतो (पुस्तकात बहुधा केक किंवा पिझ्झा असतो). एका भाकरीचे चार सारखे भाग, त्यातले तीन घेतले, म्हणजे ३/४, 'चारपैकी तीन'. इथवर छान. पण ७/४ आले की हे वाचन मोडून पडतं. चारपैकी सात कसे घेणार? प्रामाणिक मूल हा प्रश्न विचारतं. बाकीची विचारत नाहीत, नुसतं 'अंशाधिक' लिहून मोकळी होतात. मला विचाराल तर प्रश्न विचारणारं मूलच पुढे गेलेलं असतं, आणि त्यालाच आपण "आधी व्याख्या पाठ कर" म्हणून गप्प करतो.

यावर माझा तोडगा भाषेचाच होता. ७/४ ला मी 'सात छेद चार' म्हणायच्या आधी 'सात पाव' म्हणायला लावत असे. सात पेरू, सात चमचे, तसे सात पाव. छेद हे तुकड्याचं नाव आणि अंश ही त्या तुकड्यांची मोजणी. (वर्ग पहिल्या दिवशी हमखास हसायचा, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर वडापाव. मग सांगायचं की वडापावातला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि आपला पाव संस्कृतातल्या 'पाद'वरून. पाद म्हणजे चौथा भाग.) एकदा का सात पाव म्हटलं की चार पावांचा एक पूर्ण होतो आणि तीन पाव उरतात, हे सांगावं लागत नाही. एक आणि पाऊण. म्हणजे पावणेदोन. अंशाधिकाचा पूर्णांकयुक्त झाला, आणि फळ्यावर भागाकाराची पायरीसुद्धा लिहावी लागली नाही.

मंडळी, या 'पावणेदोन'पाशी जरा थांबू या. सव्वादोन म्हणजे दोन अधिक पाव. पावणेदोन म्हणजे दोन उणे पाव. 'पावणे' हा शब्द 'पादोन'पासून आला, पाद ऊन, म्हणजे पाव कमी. 'सव्वा' आला 'सपाद'पासून, पावासहित. 'साडे' म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासहित. 'अडीच'चं मूळ 'अर्धतृतीय', म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (ती ११५० सालची) अपूर्णांकांच्या चार जाती सांगितल्या आहेत. भागजाती, प्रभागजाती, भागानुबंध आणि भागापवाह. प्रभागजाती म्हणजे भागाचा भाग, जसा पावाचा अर्धा. भागानुबंधात पूर्णाला भाग जोडायचा, भागापवाहात पूर्णातून भाग काढायचा. आणि या शेवटच्या दोघांसाठी आचार्यांनी घेतलेलं उदाहरण कोणतं? पावासह दोन आणि पावाविना तीन. म्हणजे आपले सव्वादोन आणि पावणेतीन! त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. लीलावतीतला भागापवाह आजच्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकारांत नाही, पण घड्याळात पावणेतीन वाजले म्हणणाऱ्या प्रत्येक आजीच्या तोंडी तो आहे.

आणि केवढं गणित आपण नकळत बोलतो बघा. दीडशे म्हणजे शंभराचे दीडपट. पाऊणशे म्हणजे शंभराचे ३/४. (माझं वय पाऊणशेला एकानं कमी आहे, हे जाता जाता.) सव्वालाख, अडीच हजार. जो मुलगा दीडशे रुपये म्हणतो आणि त्याचा अर्थ जाणतो, त्याला पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा गुणाकार येतो. फक्त तो आपल्याला येतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिला कायम पस्तीसच्या आसपास मार्क. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि कापडाचा हिशेब ही मुलगी ठेवायची. पाऊण मीटरचे पाच तुकडे कापायचे तर किती कापड आणायचं, हे ती बोटं न मोजता सांगायची. पावणेचार मीटर. वहीत मात्र ३/४ गुणिले ५ दिसलं की घामाघूम. घरचा पाऊण आणि शाळेतला 'तीन छेद चार' एकच आहेत, हे तिला सातवीपर्यंत कुणी बोलून दाखवलं नव्हतं. जेव्हा कळलं तेव्हा ती माझ्यावर जवळजवळ रागावलीच. म्हणाली, "मग बाई, हे आधी का नाही सांगत?" तिचा हा प्रश्न मी पुढे कितीतरी बैठकांत मांडला. एका तपासणीला आलेल्या साहेबांनी तर माझ्या वर्गाबद्दल 'विद्यार्थ्यांच्या व्याख्या पाठ नाहीत' असा शेरा लिहिला. मुलं पावणेचार बरोबर सांगत होती याची नोंद करायला त्या तक्त्यात रकाना नव्हता. असो.

सममूल्य अपूर्णांकांचंही तसंच. १/२, २/४, ४/८ हे सारखे, कारण 'अंश-छेदाला एकाच संख्येनं गुणलं'. मुलं गुणतात, पण सारखे कसे ते दिसत नाही. माझ्याकडे सासूबाईंची धान्याची मापं होती. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर. ती मी वर्गात नेत असे आणि ज्वारी ओतून दाखवत असे. एक मापटं ओतलं काय, दोन चिपटी ओतली काय, चार कोळवी ओतली काय, ज्वारी तेवढीच. १/२, २/४, ४/८. माप बदललं की मोजणी बदलते, धान्य बदलत नाही. जुन्या पैशांतही हीच गंमत होती. रुपयाचे सोळा आणे, अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची. निम्मं करत जावं आणि कुठे अडू नये. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा आमची पिढी पाटी-पेन्सिलीच्या वयात होती. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि पुढे साडेबारा! निम्म्यांची साखळी तिथे तुटली आणि दशांशांची सुरू झाली. २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. रुपयाचा पाव हातात घेऊन दाखवायची सोय तेवढी राहिली नाही.

दशांशाची ओळख तर आणखी फसवी. ०.२५ मोठा की ०.५, असं विचारा. पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.२५ मोठा असं सांगणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पाव मोठा की अर्धा, असं विचारलं तर तीच मुलं हसतात. पोरांना क्रिकेट आवडतं, तर तिथून घ्यावं. १९.३ षटकं म्हणजे किती? दिसायला दशांश, पण टिंबापुढचे तीन हे सहांपैकी तीन चेंडू. म्हणजे साडेएकोणीस षटकं. घड्याळात १.३० म्हणजे दीड, पण १.३० मीटर कापड म्हणजे दीड मीटर नव्हे. टिंब पाहून प्रकार ओळखणाऱ्यानं इथे काय करावं? आकड्याच्या कपड्याकडे बघून चालत नाही, तुकडा कशाचा आणि केवढा हे विचारावंच लागतं.

आता दुसरी बाजू. आमचा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मावशी, तुझी पाव-पाऊण चौथ्या भागापाशी संपतात. २/७ चं काय करशील?" मुद्दा बरोबर आहे. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या भागाला रोजच्या बोलण्यात असे सुटसुटीत शब्द नाहीत. भाकरीचेही सात सारखे भाग कुणाच्यानं होत नाहीत. तिथे दोरी किंवा कागदाची पट्टी घ्यावी, संख्यारेषा काढावी आणि 'दोन सातवे हिस्से' असंच म्हणावं. पण 'सात पाव' म्हणायची सवय लागलेली जीभ 'नऊ सातवे' म्हणायला कचरत नाही. सातवे नऊ, त्यातल्या सातांचा एक पूर्ण, उरले दोन. घरच्या शब्दांवर पाय रोवून पलीकडे उडी मारायची असते, तिथेच बसून राहायचं नसतं.

सूनबाईंचं म्हणणं वेगळं. "आई, परीक्षेत प्रकार विचारतात, मार्क जातात." तेही खरं. पण ज्याला संख्या कळली त्याला नाव पाठ करायला एक तास पुरतो. ज्याला फक्त नाव आलं त्याला पुढे १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ अशी करताना काहीच खटकत नाही. अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्याला दिसतच नाही! इथे खरं तर एक प्रकार मनापासून ओळखायला हवा. हे दोघं समच्छेद आहेत की भिन्नच्छेद? म्हणजे तुकडे एकाच मापाचे आहेत का? नसतील तर आधी दोघांचे सहावे भाग करा. तीन सहावे आणि दोन सहावे, मिळून पाच सहावे. इथे नाव कामाला येतं, म्हणून ते लक्षात राहतं. आठवीत बीजगणितात अक्षरांचे अपूर्णांक येतात, तेव्हा ही भिंत एकदम उंच होते. "मला गणित जमत नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं गणित तिथे सुटतं, आणि ते सुटायला सुरुवात मात्र सहावीतल्या या बिनचूक दहा खुणांपासून झालेली असते.

तिसरी बाजू आमच्याच वयाच्या मंडळींची. व्हॉट्सॅपवर दर महिन्याला एक निरोप फिरतो, 'पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी परत आणा'. मला त्या पाढ्यांबद्दल ममत्व आहे. पण नुसती घोकंपट्टी परत आणून काय साधणार? औटकी धडाधडा म्हणणाऱ्या आणि औट म्हणजे साडेतीन हे ठाऊक नसणाऱ्या मुलांची आमच्या वेळीही वाण नव्हती. अर्थाशिवाय व्याख्या आणि अर्थाशिवाय पाढा, आजार एकच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' आलं, तेव्हा केवढी चर्चा झाली. तेवीससाठी भांडलो ते ठीकच. पण पावणेदोन आपल्या घरांतून चाललेत, त्यांच्यासाठी कुणी अवाक्षर काढताना दिसत नाही. मुलं 'वन फॉर्टी फाइव्ह' म्हणतात, आणि आपणही "किती वाजले?" ला तसंच उत्तर देऊ लागलो आहोत.

मग करावं काय? शिक्षक वाचकांसाठी माझ्या चार ओळी. कुठलाही अपूर्णांक दिसला की पहिला प्रश्न असावा, हा एकापेक्षा लहान की मोठा? दुसरा, अर्ध्याच्या कुठल्या बाजूला? तिसरा, हाच आणखी किती तऱ्हांनी सांगता येईल? ७/४, १ पूर्णांक ३/४, १.७५, सात पाव, पावणेदोन. जितके कपडे तितकी मजा. आणि चौथा, आता सांग, या रूपाचं नाव काय? ४/४ मुद्दाम विचारावा. शब्दावर गेलं तर इथे अंशही अधिक नाही आणि छेदही नाही, मग याला कुठे बसवायचं? इंग्रजी पुस्तकं त्याला इम्प्रॉपरमध्ये बसवतात. पोरांना यावर भांडू द्यावं. भांडताना ती व्याख्येचा अर्थ लावतात, पाठ करताना लावत नाहीत. परीक्षेतसुद्धा 'प्रकार ओळखा'ऐवजी '५/३, ९/१०, ७/४ आणि १ पूर्णांक १/२ चढत्या क्रमानं लावा' असं विचारता येईल. मार्क तेवढेच लागतात.

आणि घरच्यांसाठी एकच ओळ. नातवंडांशी बोलताना सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे शब्द वापरा. भात लावताना 'पाऊण वाटी घे' म्हणा आणि ती वाटी त्यांच्या हातात द्या. फीवाल्या क्लासपेक्षा हे स्वस्त आहे, आणि तुम्हालाही जमेल. (नाशिकच्या आणि पुण्याच्या मंडळींनी ही ओळ दोनदा वाचावी.)

आपल्या प्रतिक्रियांची वाट पाहते. तुमच्याकडे पाव-पाऊणचे आणखी कुठले शब्द, कुठली मापं होती तेही जरूर कळवा.

ता.क. 'दीड शहाणा' हा अपूर्णांक कोणत्या प्रकारचा, असं एका मुलानं एकदा मला विचारलं होतं. "अंशाधिकच," दुसरा लगेच ओरडला, "अक्कल एकाची, आव दीडाचा!" त्या दोघांनाही अपूर्णांक नक्की कळले होते.